विचारा की! परदेशी हॉस्पिटलची फार्मसी बघायला जायचंय, तर...

मागच्या अंकात जाता जाता एक ओळ लिहिली होती, की अमेरिकेतली काही मोठी हॉस्पिटलं आणि फार्मसी कॉलेजं बाहेरच्या देशातल्या फार्मासिस्टना महिना-दोन महिने, कुठे तीन महिने, आपल्याकडचं काम बघायला-शिकायला घेतात, व्हिजिटिंग फेलोशिप म्हणतात त्याला. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आलीत की या वेळी बीपी-शुगरच्या गोळ्यांचे प्रश्न राहू देत म्हटलं. खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, आपलं शहापूर-वडगाव, सगळीकडून विचारणा आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही पत्रं कापलीत (राग मानू नका, चार-चार पानं कुठे छापायची), आणि नावं नेहमीसारखीच दिलेली नाहीत.

ताई, माझं फार्म-डी झालंय, बेळगावातच एका हॉस्पिटलात कामाला आहे. ही व्हिजिटिंग फेलोशिप केली की तिकडे नोकरी लागते का? मित्र म्हणतोय एकदा आत शिरलं की पुढचं सगळं सोपं असतंय. – एक वाचक, खानापूर

मित्राला चहा पाज पण या बाबतीत त्याचं ऐकू नकोस. ही फेलोशिप म्हणजे नोकरी नाही, लायसन नाही, आणि लायसनची पायरी पण नाही. तू तिथल्या फार्मासिस्टबरोबर सकाळच्या राउंडला उभा राहणार, त्यांच्या मीटिंगला बसणार, केस वाचून त्यावर बोलणार, एखादं छोटं प्रोजेक्ट करणार, शेवटी एक प्रेझेंटेशन देणार. पण पेशंटच्या रेकॉर्डवर तुझी सही नसते, डोस तू ठरवत नाहीस, औषध भरून वॉर्डला तू पाठवत नाहीस, कारण तुझ्याकडे त्या राज्याचं लायसन नाही. बहुतेक ठिकाणी पगार नसतो, उलट काही ठिकाणी तेच फी घेतात. हे ऐकून ज्यांचा चेहरा पडला त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल, मी मनाला लावून घेणार नाही.

नोकरीच्या वाटेवर जी गोष्ट आहे तिला तिकडे रेसिडेन्सी म्हणतात, ती वेगळी. ती पगारी, वर्षभराची, पहिल्या वर्षाला पीजीवाय-वन आणि नंतर एखाद्या विषयात खोल जायचं असेल तर पीजीवाय-टू, आणि या रेसिडेन्सींना मान्यता देते ती संस्था अमेरिकन सोसायटी ऑफ हेल्थ-सिस्टिम फार्मासिस्ट्स, म्हणजे एएसएचपी, १९४२ सालापासूनची. तिथे अर्ज करायचा तर एकतर अमेरिकेतली मान्यता असलेली फार्मसीची डिग्री पाहिजे, नाहीतर एनएबीपी नावाच्या बोर्डाचं एफपीजीईसी, म्हणजे परदेशात शिकलेल्या फार्मासिस्टसाठीचं, सर्टिफिकेट. ते मिळवायला कागदपत्रांची तपासणी, एफपीजीईई ही परीक्षा, आणि इंग्रजीसाठी टोफेल. त्याच्यापुढे परत लायसनची नॅप्लेक्स वगैरे आहेच. आणि मेख कुठे आहे ती नीट बघ, १ जानेवारी २००३ नंतर पास झालेल्यांना ते किमान पाच वर्षांचा फार्मसीचा कोर्स मागतात. चार वर्षांच्या बी फार्मवाल्यांचं गाडं तिथेच अडतं, वर एम फार्म केलं तरी. तुझं सहा वर्षांचं फार्म-डी, त्यामुळे तुला तरी ते दार बंद नाही. पण ती दोन-तीन वर्षांची आणि बऱ्याच खर्चाची वेगळी लढाई आहे, ती लढायची असेल तर सरळ तीच लढ.

अजून एक, जाहिरातीत फेलोशिप असं दिसलं म्हणून हुरळून जाऊ नकोस, आत वाच. तिकडे औषध कंपन्यांच्या आणि संशोधनाच्या वर्ष-दोन वर्षांच्या पगारी फेलोशिप पण असतात, त्यांच्या अटी अगदीच निराळ्या.

मुलगी बी फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका कन्सल्टन्सीवाल्याने चार लाख सांगितलेत, अमेरिकन हॉस्पिटलची फेलोशिप, सर्टिफिकेट आणि व्हिसाची गॅरंटी. आमची तंबाखूची शेती, पैसे उभे करता येतील, पण देऊ का? – एक वडील, निपाणी

काका, देऊ नका. व्हिसाची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, ज्या हॉस्पिटलने बोलावलंय ते पण नाही, तो निर्णय कॉन्सुलेटच्या खिडकीपलीकडच्या माणसाचा. त्यामुळे गॅरंटी हे अक्षर दिसलं तिथेच कागद मिटून ठेवायचा.

खरा मार्ग असा असतो बघा. अर्ज थेट हॉस्पिटलच्या फार्मसी विभागाकडे किंवा तिथल्या फार्मसी कॉलेजकडे जातो, मध्ये कुणी लागत नाही. त्यांनी निवडलं तर पत्र त्यांच्याच अधिकृत ईमेलवरून येतं. जे-वन, म्हणजे देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांच्या व्हिसावर बोलावणार असतील तर डीएस-२०१९ नावाचा फॉर्म येतो, तो फक्त अमेरिकन सरकारने मान्यता दिलेला स्पॉन्सरच काढू शकतो, एजंटच्या प्रिंटरमधून तो निघत नाही. त्यानंतर सेविसची, म्हणजे परदेशी विद्यार्थी-पाहुण्यांच्या सरकारी नोंदणीची, फी २२० डॉलर, व्हिसाची फी १८५ डॉलर, या तुम्ही स्वतः ऑनलाईन भरायच्या. जे-वनला इन्शुरन्स सक्तीचा आहे आणि तो किती पाहिजे ते पण ठरलेलं आहे, एका आजाराला किंवा अपघाताला कमीत कमी एक लाख डॉलर, आणि आजारी माणसाला परत देशात हलवायला पन्नास हजार डॉलरचं कव्हर. राहण्याचा खर्च सगळ्यात मोठा, तो शहरावर आहे. एजंटला एकच विचारा, हॉस्पिटलचं नाव काय आणि त्यांचं पत्र दाखवता का. मग बघा तो कसा चहा मागवतो आणि विषय बदलतो.

आणि खरं सांगू का, तुमच्या लेकीला आत्ता हे लवकर होतंय. हे कार्यक्रम काम करणाऱ्या फार्मासिस्टसाठी असतात, विद्यार्थ्यांसाठी नव्हे. रजिस्ट्रेशन होऊ दे, एखाद्या बऱ्या हॉस्पिटलात दीड-दोन वर्षं घासू दे, रात्रीच्या ड्युट्या करू दे. तंबाखूचे पैसे तोपर्यंत बँकेत राहू देत.

तिथे जाऊन एवढं बघायचं असतं तरी काय? आमच्या हॉस्पिटलात पण फार्मसी आहे, वॉर्डातून इंडेंट म्हणजे मागणीची चिठ्ठी येते, आम्ही माल देतो, बिल होतं, झालं. – एक वाचक, बेळगाव

झालं म्हणता, तिथेच तर सगळं सुरू होतं की हो.

आधी सलाईनचं घेऊ. आपल्याकडे अँटिबायोटिक सलाईनमध्ये कोण मिसळतं? वॉर्डातली सिस्टर, ट्रॉलीवर, वर पंखा फिरतोय, बाजूला नातेवाईक टिफिन उघडून बसलेत. तिकडे हे काम बहुतांश फार्मसीच्या क्लीन रूममध्ये होतं. गाऊन, टोपी, ग्लोव्हज, आणि समोर हूड, त्याच्या हेपा फिल्टरमधून आलेली हवा, म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवणारा फिल्टर. यूएसपी ७९७ नावाचं एक प्रकरण आहे त्यांच्या फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत नियमांच्या पुस्तकात, हात किती वेळ धुवायचे इथपासून मिसळलेलं औषध किती तास चालतं इथपर्यंत सगळं त्यात आहे. एवढं कडक कशाला, असं वाटतं ना? २०१२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका कंपाउंडिंग सेंटरमधून, म्हणजे औषधं मिसळून तयार करून देणाऱ्या ठिकाणाहून, गेलेल्या स्टिरॉईडच्या इंजेक्शनांत बुरशी निघाली. पाठदुखीसाठी मणक्यात इंजेक्शन घेतलेली माणसं, त्यांना बुरशीचा मेनिंजायटिस झाला, साडेसातशेच्या वर लोक आजारी पडले आणि साठहून जास्त गेले. पुढच्याच वर्षी त्यांना नवा कायदा करावा लागला. क्लीन रूम बघताना हे डोक्यात असलं म्हणजे तो गाऊन घालायचा कंटाळा येत नाही.

पण माझं मत विचाराल तर क्लीन रूम आणि ती बोटाच्या ठशाने उघडणारी औषधांची कपाटं आणि रोबो यांच्यापुढे मोबाईल धरून फार उभं राहू नका. ते सगळे बघतात, फोटो काढतात, आणि परत येऊन म्हणतात आपल्याकडे बजेट नाही. बघायचं ते वॉर्डातल्या फार्मासिस्टकडे. तो सकाळी डॉक्टरांच्या आधी येतो. रात्रीचे रिपोर्ट वाचतो, क्रिएटिनिन वर गेलंय का, म्हणजे किडनी दमलीय का, मग कुठल्या औषधाचा डोस खाली आणायचा, कुठलं अँटिबायोटिक सलाईनमधून गोळीवर आणता येईल, कल्चर आलंय का. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर रक्तातली पातळी बघून एयूसी, म्हणजे दिवसभरात शरीराला एकूण किती औषध मिळतंय तो आकडा, काढतो, २०२० पासूनच्या गाईडलाईनप्रमाणे ती ४०० ते ६०० मध्ये ठेवायची, आणि बऱ्याच हॉस्पिटलात ठरवून दिलेल्या प्रोटोकॉलमध्ये डोस तोच बदलतो. राउंडला गेल्यावर तो मागे उभा राहून मान हलवत नाही, त्याला विचारलं जातं, आणि त्याने नाही म्हटलं तर डॉक्टर थांबतो. ही सवय कशी लागली, भांडण न होता कशी टिकली, डॉक्टरला नको असलेली गोष्ट तो कुठल्या शब्दांत सांगतो, हे कान देऊन ऐकण्यासारखं आहे. त्याला पैसे लागत नाहीत.

दुसरं, पेशंट ऍडमिट झाला की घरी काय-काय घेत होता त्याची यादी करतात आणि हॉस्पिटलच्या औषधांशी जुळवतात, डिस्चार्जला परत. मेडिकेशन रिकन्सिलिएशन म्हणतात. आपल्याकडे काय असतं? चंदगडहून आजोबा येतात, सुनेच्या हातात कॅरीबॅग, त्यात गावच्या डॉक्टरच्या स्ट्रिपा, गोव्याला लेकाकडे गेले होते तिथल्या, वैद्याची पुडी, आणि दोन वेगळ्या ब्रँडची तीच एक बीपीची गोळी, सकाळी ही आणि संध्याकाळी ती. ती कॅरीबॅग कुणी उघडतच नाही. बाहेर जाऊन आलेल्या माणसाने नुसती ती उघडायची सवय आणली तरी माझ्या मते विमानाचं तिकीट वसूल.

आणि सगळंच तिकडचं आपल्याला बसत नाही, हे पण ओळखा. इन्सुलिनचंच घ्या, तिकडे रोजच्या वापरात एका मिलीत १०० युनिटचं, आपल्याकडे बाटलीत ४० युनिटचं पण आणि पेनमध्ये १०० चं पण, वर लाल टोपणाची सिरिंज वेगळी आणि केशरी टोपणाची वेगळी. बाटली ४० ची आणि सिरिंज १०० ची झाली की इन्सुलिन निम्म्याहून कमी जातं, उलट झालं की अडीचपट, आणि मग शुगर कुठे जाते सांगायला नको. हा गोंधळ त्यांच्याकडे नाही, त्यामुळे त्याचं उत्तर पण त्यांच्याकडे नाही. ते आपलं आपल्यालाच काढायचंय.

मी चिकोडीची, सध्या एका हॉस्पिटलात रात्रपाळी करते. लेकरू दोन वर्षांचं, सासूबाई म्हणतात तू जा गं मी बघते. पण ताई, अर्जात लिहू काय? गोल्ड मेडल नाही, एक पेपर छापलेला नाही. – एक वाचक

सासूबाईंना माझा नमस्कार सांग, अशी माणसं मिळायला नशीब लागतं.

गोल्ड मेडलचं सोड. अर्ज वाचणाऱ्याच्या टेबलावर मेडलवाले ढीगभर असतात. त्याला तीन गोष्टी बघायच्या असतात, ही बाई आत्ता काय करते, आमच्याकडे नेमकं काय बघायला येतेय, आणि परत जाऊन तिला ते करू देणार आहेत का. त्या तीन गोष्टी एका पानात लिही. लहानपणापासून रुग्णसेवेची आवड, माझं स्वप्न, आपल्या प्रतिष्ठित संस्थेत, असलं एक वाक्य घालायचं नाही, नेटवरून उचललेलं तर दिसतंच, लगेच दिसतं.

तू रात्रपाळी करतेस, हीच तुझी खरी कमाई आहे. रात्री दोन वाजता फार्मसीत तू एकटी, आयसीयूतून फोन येतो, एक औषध स्टॉकमध्ये नाही, दुसऱ्याचा डोस तुला जास्त वाटतोय आणि ड्युटी डॉक्टर शिकाऊ आहे, तो घाबरलेला आणि तू पण. तेव्हा तू काय करतेस ते लिही. मग लिही की रात्री फार्मासिस्ट कमी असताना तुम्ही धोकादायक औषधं कशी सांभाळता हे मला बघायचंय. असा प्रश्न आला की वाचणारा खुर्चीत सरळ बसतो, कारण हा त्याचाही प्रश्न आहे. आणि अर्ज करायच्या आधी एक महिना वही ठेव, किती वेळा फोन करून डोस बदलून घेतलास, कुठल्या औषधाचा, डॉक्टरने ऐकलं का नाही. पेशंटचं नाव-नंबर वहीत नको हं. एका महिन्याचे स्वतःचे खरे आकडे हे न छापलेल्या पेपरपेक्षा जास्त बोलतात.

शिफारसपत्र प्रिन्सिपल सरांचं घेऊ नकोस, त्यांना तू फक्त अटेंडन्समध्ये आठवतेस. ज्या डॉक्टरबरोबर रोज काम करतेस त्यांच्याकडून घे, आणि जमलं तर आयसीयूच्या इनचार्ज सिस्टरकडून पण. तिसरं पत्र हॉस्पिटलच्या प्रशासनाचं, की रजा मंजूर आहे आणि आल्यावर हिला हे काम करू देऊ. हे तिसरं मिळवणं सगळ्यात अवघड असतं, आणि तेच नसेल तर मी म्हणेन थांब थोडं.

भाषेचं मात्र लिही हं, आपण सीमाभागातले लोक ते गृहीतच धरतो. तू एका रात्रीत एका पेशंटला कन्नडमधून गोळी समजावतेस, दुसऱ्याला मराठीतून, तिसऱ्याला हिंदीतून, आणि डॉक्टरशी इंग्रजीत बोलतेस. तिकडच्या हॉस्पिटलांना दुभाष्यांची सोय ठेवावी लागते, त्यांना या गोष्टीची किंमत लगेच कळते. लेबल वाचता न येणाऱ्या म्हातारीला सकाळची आणि रात्रीची गोळी कशी ओळखायला शिकवतेस ते लिही, सूर्य आणि चंद्र काढून देत असशील तर तसं लिही.

व्हिडिओवर मुलाखत होते बऱ्याचदा. इंग्रजी भारी नको, पण एक केस न अडखळता सांगता आली पाहिजे, आरशासमोर नाही, कुणा माणसासमोर बोलून बघ. आणि लेकरू लहान आहे तर तीन महिन्यांचा हट्ट धरू नकोस, चार आठवड्यांचे कार्यक्रम पण असतात.

कागदपत्रांचं काय-काय लागतं? माझं नाव दहावीला एक, पासपोर्टवर एक आणि रजिस्ट्रेशनला तिसरंच आहे. – बेळगाव, खानापूर, हुक्केरीहून बऱ्याच जणांनी

हा आपल्या भागाचा जुना रोग आहे. शाळेत मराठी पद्धतीने नाव-वडिलांचं नाव-आडनाव, पुढे कर्नाटकातल्या मार्कशीटवर आडनाव गेलं आणि इनिशियल आलं, आधारला कन्नडवरून इंग्रजी करताना स्पेलिंग बदललं, आणि लग्नानंतर बायकांचं तर विचारूच नका. त्यात जन्मगाव. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगाव शहराचं अधिकृत इंग्रजी स्पेलिंग बदललं, म्हणजे जन्मदाखल्यावर एक आणि नव्या पासपोर्टवर दुसरं. गावाचं तेवढं अडत नाही, एका ओळीत समजावता येतं, पण माणसाचं नाव अडतं. पासपोर्ट हाच आधार धरा आणि बाकीचं त्याच्याशी जुळवा, जिथे जुळत नाही तिथे ऍफिडेव्हिट. आणि हे सिलेक्शन झाल्यावर नाही, आधी.

ट्रान्सक्रिप्ट युनिव्हर्सिटीकडून काढायची, राजीव गांधी युनिव्हर्सिटीवाल्यांना बेंगळूर, शिवाजीवाल्यांना कोल्हापूर, दोन्हीकडे वेळ लागतो असं धरूनच चाला. कोल्हापूरला शिकून महाराष्ट्र कौन्सिलला रजिस्टर झालात आणि आता नोकरी बेळगावात करताय, असे इथे खूप आहेत. जिथे काम करता त्या राज्याच्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन पाहिजे, ते करून घ्या, अर्जासोबत चालू रजिस्ट्रेशन मागतात.

आणि टीबीची टेस्ट. हॉस्पिटलात पाय ठेवण्याआधी ती मागतातच. आपल्याला सगळ्यांना लहानपणी बीसीजी टोचलेलं, त्यामुळे हातावरची जुनी स्किन टेस्ट टीबी नसताना पण पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे, मग प्रश्नोत्तरं, धावपळ. त्यापेक्षा आधीच विचारा की रक्ताची इग्रा टेस्ट चालेल का, बीसीजीने ती फसत नाही. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी यांचे डोस किंवा अँटिबॉडीचा रिपोर्ट लागतो. लहानपणीचं लसीचं कार्ड कुणाकडेच नसतं, म्हणून रक्त तपासूनच घ्या.

डी फार्म आहे, संकेश्वरला स्वतःचं मेडिकल आहे. मला जाता येईल का?

नाही जमणार दादा, निदान आत्ता नाही. हे कार्यक्रम डिग्रीवाल्यांना आणि हॉस्पिटलात काम करणाऱ्यांना घेतात. डी फार्मवरून बी फार्मच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, फार्म-डीच्या पहिल्या वर्षाला पण डी फार्मवाले पात्र आहेत. दुकान कोण बघणार हा प्रश्न मात्र तुमचा.

हे सगळं ठीक आहे हो, पण शिकून येतात आणि परत बिलिंगच्या खिडकीत बसतात. पाहिलेत असे. तिकडच्या ज्ञानाचा इथे काय उपयोग? – एक निवृत्त फार्मासिस्ट, टिळकवाडी

काका, तुम्ही म्हणता तसं होतं, आणि दोष सगळा हॉस्पिटलचा नसतो. लोक जातात ते सगळंच बघायला जातात, आणि सगळंच बघून आलेल्याला परत आल्यावर सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. एक गोष्ट धरून जावं.

उदाहरण देते. पोटॅशियम क्लोराईडचा अँप्यूल, आपल्याकडचा १० मिलीचा, १५ टक्के, त्यात २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम. पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय थांबतं. आणि तो आपल्या वॉर्डात कुठे असतो? ड्रॉवरमध्ये, डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलशेजारी. १९९८ साली हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या जॉईंट कमिशनने धोक्याच्या इशाऱ्यांची मालिका काढली, तिचा पहिलाच इशारा याच औषधावर होता. त्यांनी जे केलं त्यातलं मुख्य काम म्हणजे वॉर्डातून ते उचललं, बस. याला रोबो लागत नाही. पण तुम्ही उद्या सकाळी वॉर्डातून उचललंत तर रात्री एक वाजता पोटॅशियम २.४, म्हणजे धोक्याइतकं कमी, आलेल्या पेशंटचं काय? सिस्टर फोन करणार, फार्मसी बंद, आणि दुसऱ्या दिवसापासून सिस्टर लपवून स्टॉक ठेवणार. मी सिस्टर असते तर मी पण ठेवला असता. म्हणून बघायचं ते हे, की रात्रीचं ते काय करतात, किल्ली कुणाकडे, दोन जणांनी तपासायचं म्हणजे प्रत्यक्षात कसं, घाईत नियम मोडला तर कोण कुणाला काय बोलतं. एवढं एक नीट उतरवून घेतलेला माणूस परत आला तर त्याला प्रशासनाकडे न्यायला हातात कागद असतो, आणि हॉस्पिटलला एनएबीएच, म्हणजे आपल्याकडची दर्जाची मान्यता, पाहिजे असेल तर धोकादायक औषधांची यादी आणि व्यवस्था त्यांना तशी पण दाखवावीच लागते. म्हणजे तुमचं काम त्यांच्या गरजेला जोडून द्यायचं.

आणि ज्ञान तिकडून इकडेच येतं असं नाही हं. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गावांमध्ये, इथलं मेडिकल कॉलेज जेएनएमसी आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून, बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर मिसोप्रोस्टॉलच्या गोळीचा अभ्यास केला होता. १६२० बायका, गोळी देणाऱ्या एएनएम सिस्टर. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं, २००६ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं. यातली फार्मसीची गोष्ट फार कुणी सांगत नाही, रक्तस्राव रोखायला नेहमी देतात त्या ऑक्सिटोसिनला इंजेक्शन आणि थंडावा दोन्ही लागतात, आणि जिथे वीज जाते, फ्रिज बंद पडतो, तिथे साध्या तापमानाला टिकणारी गोळीच कामाची. पुढे जगभर जिथे ऑक्सिटोसिन पोचत नाही तिथे ही गोळी द्या असं म्हणताना या गावांचा आकडा पुढे ठेवला जातो. तिकडे प्रेझेंटेशन द्यायची वेळ आली की आपल्या पोरांनी हे सांगावं, ताजमहालचा फोटो लावण्यापेक्षा.

पासपोर्ट आहे, पण एवढा खर्च नाही झेपणार. जवळ काही नाही का? आणि इंग्लंडचं कसं? – दोघी मैत्रिणी, वडगाव

इंग्लंडचं तुम्ही जे ऐकलंय ते बहुतेक ओस्पॅप असणार, तो बाहेरच्या देशातल्या फार्मासिस्टसाठीचा एक वर्षाचा कोर्स, मग ५२ आठवड्यांचं ट्रेनिंग, मग परीक्षा, मग तिथलं रजिस्ट्रेशन. ती कायमची जायची वाट झाली, महिनाभर बघून यायची नव्हे.

जवळचं म्हणाल तर मैसूर. जेएसएस कॉलेजने नव्वदच्या दशकात फार्मसी प्रॅक्टिसचं एम फार्म सुरू केलं, ते ऑस्ट्रेलियातल्या ऍडलेडच्या एका हॉस्पिटलच्या मदतीने, म्हणजे तिकडचे लोक इथे येऊन वॉर्डात उभं राहायला शिकवून गेले. आपल्या देशात क्लिनिकल फार्मसीचं, म्हणजे वॉर्डात पेशंटजवळ चालणाऱ्या फार्मसीचं, नाव घेताना मैसूर आणि उटी ही दोन नावं आधी येतात. रात्रीच्या गाडीने मैसूरला जाता येतं, व्हिसा लागत नाही. तिथल्या फार्मसी प्रॅक्टिस विभागाला तुमच्या हॉस्पिटलच्या लेटरहेडवर लिहा की दोन आठवडे वॉर्डातल्या फार्मासिस्टबरोबर राहू द्याल का. हो म्हणतीलच असं नाही, पण विचारायला पोस्टाचा खर्च पण नाही. आणि तोपर्यंत आपल्याच हॉस्पिटलात औषधाने त्रास झालेल्या पेशंटचे रिपोर्ट भरायला लागा, सरकारचा फार्माकोव्हिजिलन्सचा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, हेल्पलाईन १८००-१८०-३०२४, फोन फुकट. अंगावर पुरळ आलं, कुठली गोळी, कधी सुरू केली, बंद केल्यावर गेलं का, एवढंच लिहायचं असतं. अशी दहा-वीस भरलेली फॉर्म मैसूरला जाताना सोबत न्या, पेशंटचं नाव झाकून.